लेसर दुखत नाही, हे सांगणे थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ नोव्हेंबरचा मधुमेह दिन जवळ आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत डोळ्यांवर एखादा लेख हमखास येतो. वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा (रेटिना) तपासून घ्या, शुगर आणि बीपी ताब्यात ठेवा, गरज पडली तर लेसर करून घ्या, असा सल्ला त्यात असतो आणि तो बरोबरच असतो. खटकते ते त्याच्या पुढचे वाक्य: 'लेसर उपचार पूर्णपणे वेदनारहित असतो.' अनेक दवाखान्यांच्या माहितीपत्रकांतही ते छापलेले सापडते. मधुमेहाने खराब झालेल्या पडद्याच्या कडेकडेने जे लेसर करतात, ज्याला डॉक्टरांच्या कागदावर पीआरपी म्हटलेले असते, ते बऱ्याच जणांना दुखते. कुणाला नुसती चुणचुण होते, कुणाच्या कपाळात सणक जाते, तर कुणाला इतकी कळ येते की मान आपोआप मागे जाते. 'काही दुखत नाही हो' असे ऐकून बसलेला माणूस पहिल्याच सिटिंगला दचकतो, दुसऱ्या सिटिंगची तारीख घेऊन घरी जातो आणि परत येत नाही. अर्धवट राहिलेल्या लेसरचे पुढे काय होते ते पडद्याच्या ओपीडीत रोज दिसते: डोळ्यात रक्त उतरलेले, पडदा ओढला जाऊन सरकलेला, किंवा बाहुलीभोवती नव्या रक्तवाहिन्या येऊन डोळ्याचा दाब प्रचंड वाढलेला.

'दुखत नाही' हा समज आला कुठून, हे आधी पाहू. डोळ्यावरच्या पाच-सहा वेगवेगळ्या उपचारांना लोक एकच नाव देतात, लेसर. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लेन्समागे आलेली जाळी साफ करतात ते याग लेसर दोन-तीन मिनिटांत होते आणि दुखत नाही. चष्मा घालवण्याचे लेसर बुबुळावर होते आणि भुलीच्या थेंबांनी बुबुळ बधिर होते. मधुमेहातच पडद्याच्या मध्यभागी सूज आली तर जे थोडेसे लेसर करतात, त्याचे डाग ५० ते १०० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), शक्ती कमी आणि संख्याही मोजकी, त्यामुळे तेही सहसा जाणवत नाही. शेजारच्या काकांनी यातले एखादे करून घेतलेले असते आणि ते सांगतात, मला तर कळलेसुद्धा नाही. काका खोटे बोलत नाहीत. त्यांचे लेसर वेगळे होते.

पीआरपीत पडद्याचा मधला, वाचायला लागणारा भाग सोडून बाकीच्या भागावर शेकडो डाग देतात. रक्तपुरवठा कमी पडलेला पडदा 'मला रक्त हवे' असा रासायनिक निरोप सोडत राहतो आणि त्या निरोपाने नाजूक, फुटक्या नव्या रक्तवाहिन्या उगवतात. कडेच्या पडद्याचा काही भाग लेसरने निकामी केला की मागणी घटते आणि त्या रक्तवाहिन्या सुकतात. हा उपचार जुना आहे आणि कसोटीला उतरलेला आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात झालेल्या डायबेटिक रेटिनोपॅथी स्टडीत, जास्त धोका असलेल्या डोळ्यांपैकी लेसर न केलेल्या शंभरातील सुमारे २६ डोळ्यांची नजर दोन वर्षांत जवळजवळ गेली. लेसर केलेल्या डोळ्यांत हे प्रमाण ११ वर आले. आता डोळ्यात द्यायची इंजेक्शने आहेत आणि ती चांगली आहेत. नव्या रक्तवाहिन्यांवर ती लेसरइतकीच चालतात, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत दिसले. पण ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. सहा महिन्यांहून अधिक काळ तपासणीलाच न आलेल्या रुग्णांची तुलना २०१९ मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉक्टरांनी केली, तेव्हा फक्त इंजेक्शनांवर असलेल्या डोळ्यांची अवस्था लेसर झालेल्या डोळ्यांपेक्षा वाईट निघाली. आयसीएमआरच्या २०२३ मधील अंदाजानुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. त्यांतल्या ज्यांना दर महिन्याला तालुक्याहून जिल्ह्याला येणे झेपत नाही, त्यांच्यासाठी पीआरपी अजूनही मुख्य आधार आहे. म्हणून ते दुखते का आणि दुखणे कमी कसे करायचे, हा प्रश्न नुसत्या सोयीचा राहत नाही.

दुखते कुठे? पडद्याला स्वतःला वेदना कळत नाहीत. कळतात त्या त्याच्या मागच्या, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या कोरॉइड या थराला. चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या फांद्या तिथे पसरलेल्या असतात. लेसरची उष्णता पडद्याच्या बाहेरच्या रंगद्रव्याच्या थरात तयार होते, तिथून ती मागे झिरपते आणि या तंतूंना चटका बसतो. त्यातल्या दोन लांब फांद्या डोळ्याच्या मागून पुढे येतात त्या बरोबर आडव्या रेषेत. डोळा म्हणजे घड्याळाची तबकडी मानली, तर ३ आणि ९ च्या जागी. या दोन जागी आणि अगदी कडेला डाग पडला की कळ सर्वांत जास्त. बाकी सगळीकडे गप्प बसलेला रुग्ण नेमका तिथे हलतो तो यामुळेच. भुलीचे थेंब, म्हणजे प्रोपॅराकेन, फक्त बुबुळ आणि पांढऱ्या भागाचा वरचा थर बधिर करतात. ज्या लेन्समधून लेसर देतात ती डोळ्याला लावता यावी यासाठी ते असतात, कोरॉइडपर्यंत ते पोहोचत नाहीत. 'थेंब कमी पडले, अजून दोन टाका' असे रुग्ण म्हणतो आणि कधी कधी टाकलेही जातात. त्याने वेदना कमी होत नाही, बुबुळ मात्र कोरडे आणि धूसर होते. मग पडदा नीट दिसत नाही, आणि पडदा दिसत नाही म्हणून लेसरची शक्ती वाढवली जाते.

आता यंत्राकडे येऊ. दुखण्याचा मोठा भाग इथल्या चार आकड्यांवर ठरतो: डाग किती वेळ, किती शक्तीचा, किती रुंद आणि कोणत्या लेन्समधून.

वेळ सर्वांत महत्त्वाची. जुनी पद्धत १०० मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. पॅटर्न लेसर, म्हणजे एका दाबात अनेक डाग देणारे यंत्र, २००५ च्या सुमारास आले आणि त्याने हा वेळ २० मिलिसेकंदांवर आणला. साधा गुणाकार करा. २५० मिलिवॉट शक्ती १०० मिलिसेकंद दिली तर एका डागात २५ मिलिजूल उष्णता गेली. २० मिलिसेकंदांत तेवढाच दिसणारा डाग पाडायला शक्ती वाढवावी लागते, समजा ४०० मिलिवॉट. तरी उष्णता ८ मिलिजूलच होते, म्हणजे एक तृतीयांशाच्या आत. तापलेल्या तव्याला बोट लागून लगेच उचलले जाणे आणि बोट तव्यावरच राहणे, एवढा हा फरक आहे. उष्णतेला मागे कोरॉइडकडे झिरपायला वेळच मिळत नाही. मँचेस्टरमध्ये दोन्ही पद्धतींची तुलना झाली (२०१०), त्यात २० मिलिसेकंदांचे लेसर घेतलेल्यांना स्पष्टपणे कमी दुखले.

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले असते, 'आमच्याकडे पॅटर्न मशीन नाही.' पण अनेक साध्या ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या लेसरवरही वेळ कमी करता येतो. यंत्र बसवताना कुणीतरी १०० वर ठेवलेला आकडा वर्षानुवर्षे तसाच राहतो, इतकेच. तो ५० वर किंवा ३० वर आणायला पैसा लागत नाही. लागतो तो जास्त वेळ, कारण छोट्या वेळेचे डाग नंतर पसरत नाहीत, उलट थोडे आकसतात, म्हणून ते जास्त द्यावे लागतात. जुन्या पद्धतीत ५०० मायक्रॉनचे १२०० ते १६०० डाग पुरत. २० मिलिसेकंदांत २५०० किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात. जुन्या हिशेबाने १५०० वर थांबले तर दुखणे कमी होते, पण रक्तवाहिन्याही सुकत नाहीत. कमी दुखणारे लेसर 'लागू पडत नाही' अशी तक्रार काही डॉक्टर करतात, तिच्या मुळाशी बहुधा हीच मोजणी असते. वेळ कमी करण्यालाही तळ आहे. १० मिलिसेकंदांत, छोट्या डागात, भरपूर शक्ती घातली तर पडदा भाजण्याऐवजी फुटतो. बारीक 'टक्' जाणवते आणि रक्ताचा थेंब दिसतो. डाग दिसणे आणि पडदा फुटणे यांतले अंतर तिथे फार कमी उरते.

शक्तीचा नियम सोपा आहे आणि तोच सर्वाधिक मोडला जातो. १०० ते १५० मिलिवॉटपासून सुरू करायचे, २० ते ५० च्या पायऱ्यांनी वाढवत जायचे आणि फिकट राखाडी-पांढरा डाग दिसला की थांबायचे. खडूसारखा पांढराशुभ्र डाग म्हणजे जादा भाजणे. गोंधळ होतो तो मोतीबिंदू किंवा डोळ्यात उतरलेले थोडे रक्त असते तेव्हा. धूसर भागातून डाग दिसावा म्हणून शक्ती ३५० वर नेलेली असते, मग लेन्स जराशी फिरते, समोर स्वच्छ भाग येतो आणि तीच ३५० तिथे थेट जाऊन आदळते. रुग्ण ओरडतो, डॉक्टर म्हणतात 'हलू नका'. इथे चूक रुग्णाची नसते. भाग बदलला की शक्ती खाली आणून पुन्हा वर चढवायची, याला पर्याय नाही. आधीच्या सिटिंगच्या काळ्या पडलेल्या डागांवर नवा डाग पडला तरी असेच होते, कारण काळा भाग उष्णता जास्त शोषतो.

लेन्सची गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. तीन आरशांच्या गोल्डमन लेन्समधून यंत्रावरचा ५०० चा डाग पडद्यावर साधारण ५०० चाच पडतो. हल्ली वापरतात त्या १६० अंशांच्या वाइड फील्ड लेन्समधून तो जवळपास दुप्पट होतो. म्हणून त्या लेन्सबरोबर यंत्रावर २०० ते २५० ठेवायचे असतात. लेन्स बदलली आणि आकडा ५०० वरच राहिला, तर पडद्यावर १००० मायक्रॉनचा डाग, म्हणजे चौपट क्षेत्रफळ. तेवढे भाजायला शक्ती चढवत न्यावी लागते आणि रुग्ण कासावीस होतो. खोलीत दोन लेन्स असतील तर कोणत्या लेन्सला यंत्रावर किती, याची चिठ्ठी यंत्रावर डकवलेली असावी. लेन्सखालच्या जेलमध्ये बुडबुडा राहिला किंवा लेन्स तिरकी धरली तर डाग लांबट आणि असमान होतो, एका टोकाला जळका आणि दुसऱ्या टोकाला नावापुरता.

पॅटर्न मशीनचाही एक दोष आहे. एका दाबात १६ किंवा २५ डाग निघतात. त्यांतला दुसराच डाग मज्जातंतूवर पडला तरी उरलेले सगळे येणारच. पायडल सोडेपर्यंत बरेच पडून गेलेले असतात. म्हणून कडेला आणि ३-९ च्या रेषेत पॅटर्न लहान करावा, चारचा किंवा सुटे डाग, आणि शक्ती उतरवावी. ही रेषा शेवटाला ठेवलेली बरी. सुरुवात सहसा खालच्या भागापासून करतात, कारण मध्येच रक्तस्राव झाला तर रक्त खाली साचते आणि तो भाग नंतर झाकला जातो.

ज्यांना स्लिट लॅम्पपाशी, म्हणजे डोळे तपासायच्या यंत्रापाशी, हनुवटी टेकून बसता येत नाही, त्यांना आडवे झोपवून डॉक्टरांच्या डोक्यावर बसवलेल्या यंत्रातून लेसर देतात. ते जास्त दुखते, हे आधीच सांगावे. डॉक्टरांचे डोके थोडे पुढे-मागे झाले की डागाचा आकार बदलतो आणि कडेचा पडदा दिसावा म्हणून डोळा बाहेरून दाबावा लागतो, त्याचे दुखणे वेगळे. ८१० नॅनोमीटरची जुनी अवरक्त डायोड यंत्रे काही ठिकाणी अजून आहेत. त्यांचा किरण कोरॉइडमध्ये खोलवर जातो आणि हिरव्यापेक्षा जास्त दुखवतो.

दुखणे सहन करून घ्यायचे, त्यात काय एवढे, असे म्हणणारे आहेत. त्यांनी लक्षात घ्यावे की कळ आली की माणूस डोळे घट्ट मिटतो आणि डोळा आपसूक वर फिरतो. पायडल दाबलेले असताना डोळा फिरला तर डाग भलतीकडे पडतो. तो पडद्याच्या मध्यबिंदूवर पडला तर वाचायची नजर कायमची गेली. कुणाला घाम फुटतो, नाडी मंदावते आणि स्टुलावरच भोवळ येते. शांत बसलेला रुग्ण हवा असेल तर त्याला दुखू न देणे हाच मार्ग आहे. डोक्यामागून पट्टा बांधून किंवा मदतनीसाने डोके दाबून धरून हे साधत नाही. पट्ट्याने डोके थांबते, डोळा थांबत नाही.

औषधांबद्दल. लेसरच्या पाऊण ते एक तास आधी पॅरासिटामॉल १ ग्रॅम, म्हणजे ५०० च्या दोन गोळ्या, घेतल्या तर काहींना फरक पडतो, काहींना नाही. अभ्यासांचे निकालही असेच मिश्र आहेत. यकृताचा आजार नसेल, वजन फार कमी नसेल, तर त्यात तोटा नाही. धोका आहे तो मेडिकलमधून आपल्या मनाने घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा गोळ्यांचा. ज्याचा पडदा मधुमेहाने लेसरपर्यंत आला, त्याच्या मूत्रपिंडांवरही बहुधा परिणाम झालेला असतो आणि या गोळ्या मूत्रपिंडांना त्रास देतात. क्रिएटिनिनचा रिपोर्ट पाहिल्याशिवाय त्या देऊ नयेत आणि घेऊ नयेत. याच जातीचे डोळ्यात घालायचे थेंबही लेसरआधी देऊन पाहिले गेले आहेत, त्यांचा निकाल काही ठिकाणी बरा आणि काही ठिकाणी शून्य आहे. त्यांच्यावर विसंबून राहता येणार नाही.

खात्रीचा उपाय म्हणजे डोळ्याच्या बाजूला भूल. त्यातही टोकदार सुई न वापरता, पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाला छोटा छेद देऊन बोथट नळीने लिग्नोकेन २ टक्के, ३ मिलिलिटरच्या आसपास सोडण्याची पद्धत आम्हाला अधिक सुरक्षित वाटते. सुईने डोळ्याला भोक पडण्याची किंवा मागे रक्त साठण्याची भीती थोडी का होईना असते, आणि मोठा मायनस नंबर असलेल्या लांब डोळ्यात (२६ मिलिमीटरहून अधिक) ती वाढते. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायलाच हवे; स्वतःहून त्या बंद करायच्या नाहीत. भूल दिल्यावर डोळा हलत नाही, मिटत नाही, काही तास दोन-दोन दिसते, म्हणून पट्टी लावून घरी पाठवतात. दोन्ही डोळ्यांना एकाच दिवशी अशी भूल देत नाहीत. प्रत्येकाला ती लागत नाही. पण जिथे पहिल्या सिटिंगला असह्य झाले, जिथे फक्त कडेचा भाग राहिला आहे, जिथे दाब वाढू लागल्याने एकाच बैठकीत सगळे उरकायचे आहे किंवा रुग्ण इतक्या लांबून आला आहे की पुन्हा येण्याची शाश्वती नाही, तिथे भूल हवी का, हे विचारणे डॉक्टरांचे काम आहे. रुग्णाने मागितली तर त्याला भित्रा समजू नये.

दुसरी-तिसरी सिटिंग पहिलीपेक्षा जास्त दुखते, हेही सांगितले जात नाही. राहिलेला भाग बहुतेक कडेचा असतो, जुन्या डागांच्या मधल्या जागा शोधाव्या लागतात आणि पहिल्या अनुभवाची धास्ती असते. एका सिटिंगला ४०० ते ६०० डाग आणि मध्ये एक-दोन आठवडे, अशी विभागणी अनेकांना सोसते. सगळे एकदम केल्यास दुखणेही वाढते आणि पडद्याच्या मध्याला तात्पुरती सूज येण्याची शक्यताही.

रुग्णांनी आणि घरच्यांनी काय करावे, ते थोडक्यात. लेसरसाठी उपाशी राहायचे नसते. 'ऑपरेशन आहे' म्हणून सकाळपासून काही न खाता, पण इन्शुलिन मात्र टोचून आलेले लोक रांगेत बसतात. बाहुली मोठी व्हायला अर्धा-पाऊण तास, मधुमेह्यांत कधी त्याहून जास्त, आणि त्यापुढे नंबर. साखर घसरून घाम आणि थरथर सुरू होते आणि ते लेसरच्या नावावर जमा होते. नाश्ता करून, रोजच्या गोळ्या घेऊन यावे, जवळ बिस्किटे ठेवावीत. हृदयाचा आजार किंवा खूप चढलेला बीपी असेल तर थेंब घालण्याआधी सांगावे, कारण बाहुली मोठी करण्याच्या काही थेंबांत बीपी वाढवणारे औषध असते. लेसर चालू असताना श्वास रोखू नये. दुखले तर बोलू नये किंवा मानेने नाही म्हणू नये, हनुवटी हलते. एक हात वर करायचा, की डॉक्टर पायडल सोडतील, हे बसण्याआधी ठरवून घ्यावे. ही खूण ठरलेली असली की पुष्कळ जणांना ती वापरावी लागतच नाही. ज्या डोळ्याला लेसर नाही, त्याने दाखवलेल्या दिव्याकडेच पाहत राहावे. परतताना स्वतः गाडी चालवू नये.

त्या दिवशी कपाळ किंवा भुवई ठणकणे, काही वेळ अंधारल्यासारखे दिसणे हे होते आणि पॅरासिटामॉलने, थंड घडीने बरे वाटते. पण दुखणे तासागणिक वाढत असेल, डोळा लाल होऊन उलट्या होत असतील, तर ते 'लेसरचेच दुखणे' म्हणून सकाळपर्यंत थांबायचे नाही. जास्त लेसरनंतर कोरॉइडमागे पाणी साठून डोळ्याचा दाब चढू शकतो. एकाएकी काळे ठिपके, जाळे, किंवा बाजूने पडदा आल्यासारखे वाटले तरी त्याच दिवशी दाखवावे.

आमची मागणी दवाखान्यांकडे आहे, सरकारी आणि खासगी दोन्ही. संमतिपत्रात मराठीत एक वाक्य घाला: हे लेसर दुखू शकते, दुखणे कमी करण्याचे उपाय आहेत, ते मागता येतील. दुसऱ्या तारखेला न आलेल्याला फोन करा आणि 'का आला नाहीत' यापेक्षा 'मागच्या वेळी किती दुखले' हे आधी विचारा. आणि प्रत्येक सिटिंगनंतर शून्य ते दहामध्ये वेदना विचारून ती लेसरच्या आकड्यांशेजारीच लिहा. आज केसपेपरवर बहुतेक वेळा 'पीआरपी झाले, पुढील तारीख' एवढेच असते. त्याऐवजी असे हवे: 'उजवा डोळा, दुसरी सिटिंग, खालचा व नाकाकडचा भाग, ६१० डाग, ३० मिलिसेकंद, २८० मिलिवॉट, यंत्रावर २००, वाइड फील्ड लेन्स, वेदना ७, तीनच्या जागी दोनदा थांबावे लागले.' सरकारी रुग्णालयात पुढच्या वेळी डॉक्टर बहुधा दुसरेच असतात. एवढी ओळ समोर असली तर ते तीनच्या जागी पोहोचण्याआधी शक्ती उतरवतील, किंवा रुग्णाला बसवण्यापूर्वीच विचारतील की या खेपेला भूल देऊ का.

आपले,
पडद्याच्या आजारांवर उपचार करणारे दोन डॉक्टर आणि लेसर खोलीत काम करणारे एक ऑप्टोमेट्रिस्ट, पुणे